सात पानांची फांदी

११ जानेवारी

चहात मीठ! यांनी स्वतः केलेला चहा, स्वतःच घोट घेतला आणि मला म्हणतात, "दूध नासलंय वाटतं गं."

हसले मी. दुसरा चहा टाकला. पण हसू वरवरचं. मोठ्या भावजींचं — यांच्या थोरल्या भावाचं — असंच सुरू झालं होतं. आधी मीठ-साखर, मग वार, मग माणसं. शेवटी शेवटी तर बायकोलाच विचारायचे, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

नको. लिहायलासुद्धा नको.

१५ जानेवारी

फाटकाशी वरच्या मजल्यावरचे शिंपी भेटले. रोज संध्याकाळी यांच्याशी बुद्धिबळ खेळायला यायचे. हल्ली यांनीच "कंटाळा आला" म्हणून डाव बंद केलाय. शिंपी समोरून हसत आले, हात वर केला — आणि हे सरळ पुढे! ओळख ना पाळख.

शिंपी हळूच मला म्हणाले, "वहिनी, माझं काही चुकलं का?"

"छे हो, दाढ दुखतेय त्यांची!" म्हटलं.

१६ जानेवारी

थोरल्या जाऊबाईंना फोन केला. मुलाला सांगायचा धीर होत नाही; तो परगावी, उगाच त्याच्या जिवाला घोर. जाऊबाई यातून गेलेल्या. रडल्या-बिडल्या नाहीत, सरळ मुद्द्यावर आल्या.

"आधी खात्री करून घे. रोज वार विचारत जा. पण परीक्षा घेतेयस असं वाटू देऊ नकोस हं, चिडतात. आमचे ताट भिरकावायचे. आपणच विसरलोय असं दाखवायचं. आणि हाताला काही काम दे. बारीकसं, रोजचं."

परीक्षा कशी घ्यायची हे मला नको शिकवायला! जन्मभर शाळेत गणिताचे पेपर काढले. पोरं माझ्या नावाने बोटं मोडायची.

१७ जानेवारी

पहिला प्रश्न. "अहो, आज वार कोणता? मेलं काही लक्षातच राहत नाही माझ्या!" नाटक बरं वठलं.

यांनी आधी माझा हात हातात घेतला. गप्प राहिले. चांगलेच गप्प राहिले. मग म्हणाले, "शनिवार."

उत्तर बरोबर. पण वेळ फार लागला.

२५ जानेवारी

काम सापडलं! छोटे गुलाब.

या माणसाची हयात गुलाबात गेली. दिवसा कचेरीत नकाशे काढायचे आणि उरलेला वेळ वाफ्यात. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचं कलम बांधायचं, यात यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बशीएवढाली फुलं! प्रदर्शनात मिळालेले पेले अजून कपाटावर आहेत, मीच पुसते. मग जुनं घर सोडून या तळमजल्यावर आलो. मागे फरशीचं एवढंसं अंगण — चौघं बसली की पाचव्याने उभं राहायचं. तेव्हापासून यांनी छाटणीच्या कात्रीला हात लावला नाही. "फरशीवर काय उगवणार? शेवाळ!"

आज एकटीच रोपवाटिकेत गेले. रोपवालीने ही झाडं दाखवली आणि मी हरखलेच. सगळं झाड वीतभर उंच, फूल कोटाच्या बटणाएवढं, पण पाकळ्यांची ठेवण अगदी थोरल्या गुलाबासारखी. मूर्ती लहान, ऐट महान! चार घेतली. पांढरं, गुलाबी, लाल आणि एक पिवळं. त्या पिवळ्याच्या पाकळीला लाल काठ आहे. त्याचं मी तिथेच नाव ठेवलं — पिटुकलं.

रोपवाली म्हणाली, "ताई, एक लक्षात ठेवा. ही कलमं नाहीत. काडी लावून केलेली आहेत, आपल्याच मुळावर वाढतात. खालून जे फुटेल ते सगळं चांगलंच. कापू नका."

३ फेब्रुवारी

पहिले काही दिवस ढुंकूनही बघितलं नाही. "ही काय बाहुलीच्या लग्नातली झाडं आणलीस?"

आज मात्र अंगणातून आवाज आला. "अगं, या कुंडीला एवढीच भोकं? बुडवून मारायचंय का बिचारीला?" जाऊन पाहते तर स्टुलावर बसलेत, कुंडी मांडीवर, बोट मातीत खुपसलेलं! मग भोकं पाडली, मातीत वाळू मिसळली, चारी कुंड्या सकाळचं ऊन येतं त्या भिंतीशी सरकवल्या. "लहान कुंडी लवकर सुकते. पाणी बुंध्यात घालायचं, पानांवर शिंपडत बसायचं नाही. समजलं?"

समजलं, समजलं! असं कुणीतरी माझ्यावर ओरडायला हवंच होतं.

१२ फेब्रुवारी

जाऊबाईंची नवी युक्ती. तीच गोष्ट दोनदा सांगायची आणि टोकतात का बघायचं.

सकाळी शाळेतल्या जुन्या शिपायाची गोष्ट सांगितली, तो घंटा द्यायची विसरला आणि सगळी शाळा तासभर गणितच करत बसली ती. दुपारी पुन्हा तीच. शब्दही तेच.

हा माणूस लग्नापासून मला "हे झालंय सांगून!" म्हणून अर्ध्यात तोडत आलाय. आज सगळी गोष्ट ऐकून घेतली. शेवटी हसले. पहिल्यांदा ऐकल्यासारखे!

नापास. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

२१ फेब्रुवारी

पिटुकल्याला बुंध्यातून नवे फुटवे आले होते, लालसर, कोवळे. आज गेले तर सगळे कापून फरशीवर पडलेले.

"अहो, हे काय केलंत!"

"जंगली होते. सात पानांचे." यांचा जुना नियम — पाच पानी ती आपली, सात पानी ती जंगली. एका देठावर पानं मोजायची. सात निघाली की ती फांदी खालच्या खुंटाची, चांगल्या गुलाबाचं रक्त शोषणारी. कापा! वाफ्यातल्या कलमांना तो नियम ठीक होता. पण इथे खुंटच नाही. इथे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी!

रोपवालीने सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. कलमं नाहीत, आपल्याच मुळावर वाढतात, खालून येईल ते चांगलं. यांनी माझा हात थोपटला. "बरं, बरं. पण कलमाशिवाय गुलाब कसा असेल? तुझ्या ऐकण्यात काहीतरी घोळ झाला असेल. तू दमतेस हल्ली."

चार दिवसांनी बघते तर पुन्हा तेच! सांगितलेलं टिकतच नाही डोक्यात. (हे शेवटचं आज २५ तारखेला लिहिलंय.)

६ मार्च

पेपर घेऊन बसतात, पान उलटत नाहीत. मी मुद्दाम बघत राहिले. सगळी सकाळ पहिलंच पान. "काय विशेष?" विचारलं तर म्हणाले, "काही नाही, त्याच त्याच बातम्या."

रात्री गॅसची बटणं चाचपून बघतात. एकदा नाही, दोनदा. मिठाच्या बरणीला रबर गुंडाळून ठेवलंय. मी बाजारात निघाले की "थांब, मी येतो" — मला एकटीला सोडतच नाहीत. मोठे भावजीही असेच जाऊबाईंच्या मागे मागे फिरायचे.

आणि गोड बोलतात! हे सगळ्यात वाईट. आयुष्यभर ज्याने मला "चष्मा शोध की जरा, तुझ्याच नाकावर आहे" असं सुनावलं, तो माणूस काल म्हणतो, "विसरलीस तर विसर. मी आहे ना." कोण कुणाला धीर देतंय बघा!

मुलाशी फोनवर बोलत होते. मी खोलीत शिरले तशी आवाज खाली गेला. काय बोलत असतील? आपल्याला काही होतंय हे यांना स्वतःला कळत असेल का? त्या विचाराने जीव तुटतो.

१९ मार्च

पिटुकलं गेलं.

नवी फांदी एक ठेवली नाही, मग जुन्यांनी किती दिवस ओढायचं? पानं पिवळी पडली, गळली. खालच्या बाजूला कोळ्याचं बारीक जाळंही धरलं होतं. गुलाबांवरची कीड यांना कोसावरून दिसायची, ती यांनी पाहिलीसुद्धा नाही! आज सकाळी यांनी मातीलगत सगळं साफ कापलं. "गेलं गं. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी कुंडीजवळ बसून हमसाहमशी रडले. एवढ्याशा झाडासाठी कुणी रडतं का! यांनी येऊन पाठीवरून हात फिरवला आणि मी आणखीच रडले.

२० मार्च

वार बरोबर सांगितला. शुक्रवार. हात धरून, थांबून. नेहमीसारखा.

२ एप्रिल

रिकाम्या कुंडीला पाणी घालते आहे. कुणी बघितलं तर मलाच खुळी म्हणतील.

८ एप्रिल

मातीतून लाल टोक! एक नाही, तीन!

कुणाला सांगितलं नाही. यांना तर मुळीच नाही.

१२ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून काढते.

दुपारचं आवरून मी पळी धुवत होते. खिडकीतून अंगण दिसतं. हे स्टुलावर, मांडीवर कुंडी. पिटुकल्याचीच! शोधून काढली की. कात्री शेजारी. ओरडणार तेवढ्यात लक्षात आलं — हे कुंडीकडे बघतच नाहीयेत. मान वर, तोंड भिंतीकडे. आणि बोटं एका कोवळ्या देठावरून सरकतायत. ओठ हलतायत. पानं मोजतायत. बोटांनी!

तशीच पळी हातात घेऊन दारात गेले. चप्पल न घालता. दोन पावलांवर उभी राहिले. ऊन सरळ माझ्या तोंडावर. हे माझ्याकडे वळले, माझ्याकडे पाहिलं, अगदी सरळ पाहिलं आणि म्हणाले, "कोण आहे?"

आलाच तो दिवस, असं वाटलं. "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

मग म्हणाले, "कोण ते? बोला की!" आणि हात पुढे करून हवेत चाचपलं.

चाचपलं! मोठे भावजी कधी चाचपत नव्हते. त्यांना दिसायचं सगळं, कळायचं नाही. मी गणिताची बाई, आणि एवढं साधं गणित सुटू नये मला! मीठ-साखर, दोन्ही पांढरी. शिंपी फाटकाशी, उन्हात. पेपरचं पहिलं पान. बुद्धिबळ. बरणीचं रबर. गॅसची बटणं चाचपणं. कोळ्याचं जाळं.

मी पळी यांच्या नाकासमोर धरली. "किती बोटं आहेत ही?"

"तू आहेस होय! तीन."

"एकही नाही! पळी आहे ती!"

चोरी पकडल्यासारखे मान खाली घालून बसले. मी मात्र मटकन फरशीवर बसले आणि हसत सुटले. हसता हसता रडले, रडता रडता हसले. हे घाबरे झाले. "अगं, काय होतंय तुला? आत चल, पड जरा."

कात्री काढून घेतली आधी. तीन फुटव्यांपैकी दोन वाचले!

१३ एप्रिल

डोळे! नुसते डोळे!

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते आज कळलं. सकाळी उठल्या उठल्या आठवलं आणि पुन्हा एकदा पडला. सबंध घर मला हलकं वाटतंय. भांडी घासताना गाणं म्हटलं, बेसूर.

आता तो वार विचारायचा ताप संपला. आज विचारला नाही. तर यांनीच चहाच्या वेळी हात धरला आणि म्हणाले, "आज सोमवार आहे बरं का." सवय लागली बिचाऱ्यांना!

१६ एप्रिल

ओढत नेलं डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे. तरुण आहेत, बोलायला फटकळ. मला आवडल्या.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेले. आजोबा, एवढे दिवस काय करत होतात?"

"नकाशे काढायचो मी," हे म्हणाले. "हातानं रेघ मारली तर पट्टी लावून बघायचे लोक. सरळ असायची."

"आता पुन्हा मारा. एक डोळा करू, मग दुसरा. अगदी साधं काम आहे."

यांनी मान हलवली. नंदीबैलासारखी. मला वाटलं, झालं काम.

१७ एप्रिल

नाही म्हणतात! "आत्ता नको. पुढे बघू."

मी सगळं करून पाहिलं. समजावलं, ओरडले, जेवले नाही. एकच पालुपद. "डोळ्याला पट्टी बांधून मी पडलो तर घरात बघणार कोण?"

"मी नाही का? मी काय कुकुलं बाळ आहे?"

म्हणाले, "तसं नाही गं." कसं, ते मात्र सांगत नाहीत. सुईला घाबरतात, दुसरं काय! पुरुषमाणूस, कबूल कसं करणार.

२६ एप्रिल

मुलाला फोन केला, सगळं सांगितलं. म्हणजे डोळ्यांचं. माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगितलं नाही. तो यायला तयार झाला. लगेच हेही तयार! "तो घरात राहणार असेल तर करू." बापलेकांचं मेतकूट. बायकोच्या शब्दाला किंमत नाही, पोराने दोन दिवस येतो म्हटलं की लगेच मान डोलावली.

जाऊ दे. तयार झाले ना! कुणाच्या का कोंबड्याने उजाडेना.

पिटुकल्याला पानं फुटलीयत. मोजली. सात! यांना बोलले तर म्हणाले, "मग जंगलीच. मुळाचं झाड उरलं असेल, फूल वेगळंच येईल. बघ तू." म्हटलं, "तुम्हीच बघा. डोळ्यांनी!"

६ मे

पहिला डोळा झाला. हे आत होते तेवढा वेळ मुलगा बाहेर माझ्याजवळ बसला होता. सोडलं नाही मला. कँटीनलाही बरोबर आला. मध्येच विचारतो, "आई, आज तारीख काय गं?"

"सहा मे. हातात घड्याळ आहे ना तुझ्या, त्यात बघता येत नाही?" म्हटलं. हसला. मोठा होऊन पोरगा अजून तसाच धांदरट आहे.

यांना हाताला धरून बाहेर आणलं. पट्टी. पण बाईंनी अंगठा वर करून दाखवला मला.

७ मे

पट्टी काढली!

आधी भिंतीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. "ही भिंत पांढरी होती? मला वाटलं पिवळी." मग माझ्याकडे पाहिलं. बघतच राहिले. मी पदर सावरला उगाच. "काय?"

"किती वाळलीस तू."

बाईंसमोर! मला तोंड कुठे लपवू असं झालं.

११ मे

आमच्या घराइतकं घाणेरडं घर पृथ्वीच्या पाठीवर नाही. पंख्यावर धूळ, कोपऱ्यात जळमटं, कपाटावरच्या पेल्यांवर डाग. सकाळपासून मोजून दाखवतायत. "मीठ आणि साखर एकसारख्या बरण्यांत कोण ठेवतं?" स्वतःच्या शर्टाचा रंग बघून विचारलं, "हा मी विकत घेतला?"

ओरडा, ओरडा! अजून ओरडा!

अंगणात तर सगळी झाडं फैलावर घेतली. पांढऱ्या गुलाबाच्या पानांमागे कोळी सापडला. पान न् पान उलटून पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं. सुकलेली फुलं खुडली. शिंपी वरून बघत होते. हे मान वर करून म्हणाले, "काय राव, किती दिवसांत दिसला नाहीत!" शिंपी कठड्यावरून पडायचे राहिले.

२१ मे

दुसराही डोळा छान झाला. मुलगा परत गेला. जाताना मला जवळ घेऊन म्हणाला, "आई, जप स्वतःला. काही वाटलं तर लगेच सांगायचं." ऑपरेशन बापाचं, उपदेश मला!

यांचं सकाळचं वार सांगणं मात्र सुटलेलं नाही. "गुरुवार आहे बरं का." हात धरून. आता मला ते नसलं तर चुकल्यासारखं होईल.

३ जून

पिटुकल्याला कळी. हिरवीगार, मिटलेली, काही पत्ता लागू देत नाही. हे दिवसातून पुन्हा पुन्हा जाऊन वाकून बघतात. भिंग घेऊन!

"जंगली असेल तर साधं फूल येईल, मोजक्या पाकळ्यांचं, फिकट," म्हणतात. मी म्हटलं, "आणि पिटुकलं असेल तर?"

"तर मी चुकलो."

असं हे आधी कधी म्हणाले आहेत? आठवत नाही.

९ जून

फुललं. पिवळं! पाकळीच्या कडेला लाल काठ, अगदी तोच. मातीलगत कापलं तरी आपल्या मुळावरून आपलंच आलं.

मी टाळ्या पिटल्या. वाटलं, हे आता वाद घालतील, किंवा हसतील. तर स्टुलावर बसून राहिले. बराच वेळ फुलाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग विचारलं, "रोपवाली काय म्हणाली होती? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. कलमं नाहीत, काडी लावून केलेली, खालून येईल ते सगळं चांगलं, कापू नका.

"शब्द न् शब्द?" "शब्द न् शब्द."

डोळे पुसले यांनी. म्हटलं, "चोळू नका, बाईंनी सांगितलंय!"

१० जून

आज सकाळी वार सांगितला नाही. चहा संपला तरी नाही. शेवटी मीच विचारलं, काय झालं?

म्हणाले, "तुझ्या लक्षात राहतं सगळं. काल कळलं मला." मग एकेक बाहेर आलं. मी रोज सकाळी वार विचारायची. तीच गोष्ट दोनदा सांगायची. एकदा अनवाणी येऊन समोर मुकाट उभी राहिले, कारण नसताना रडायची, हसायची. आणि एक दिवस वार विचारणंही सोडून दिलं, तेव्हा यांना वाटलं, संपलं आता. दादासारखं हिचंही. म्हणून डोळे लपवत राहिले, ऑपरेशन नको म्हणाले — पट्टी बांधून पडलो तर हिला कोण बघणार? म्हणून गॅस चाचपायचे. म्हणून मुलगा घरात हवा होता, माझ्याजवळ बसायला! रोपवालीचा निरोपही म्हणूनच खरा मानला नाही. डोळ्यांच्या बाईंकडून डोक्याच्या डॉक्टरचा पत्तासुद्धा घेऊन ठेवलाय, माझ्यासाठी.

"अहो, मी तुमची परीक्षा घेत होते!"

"आणि मी रोज उत्तर देत होतो."

"पण उत्तर द्यायला एवढा वेळ का लावायचात? हात धरून, थांबून?"

"तू घाबरली असशील असं वाटायचं. आधी हात धरावा, मग सांगावं."

पिटुकल्याला पाणी घालून आले. मग विचारलं, "अहो, आज वार कोणता?"

हात धरला. थांबले.